मुख्य प्रवाह

यमगर्णीच्या पुलावर परदेशी बाईंनी
गाडी हळू करायला लावली. नदीचं नाव काय?
वेदगंगा, म्हटलं.
चौगुले सरांनी तेही इंग्रजीत सांगितलं.

मग निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागं,
गटाच्या चटईवर बसून
त्या एकच शब्द फिरून फिरून बोलत राहिल्या
आणि सर तो मराठीत आणत राहिले :
मुख्य प्रवाह. मुख्य प्रवाहात आणायचं.
आजार वेगळा ठेवायचा नाही,
बचतीत, शिलाईच्या वर्गात, संडासाच्या यादीत
सगळीकडं त्याचा एक रकाना धरायचा.
बायका माना हलवत होत्या.
हात थांबले नव्हते. पान, जर्दा, दोरा.
हजार विड्यांचे पैसे मान हलवून मिळत नाहीत.

त्याच दिवशी मला टॅब मिळाला, निळ्या कव्हरचा.
सर म्हणाले, टॅबलेट जपून वापर.
मागनं नीलव्वा हळूच म्हणाली,
"ही बी जेवल्यावरच घ्यायची काय गं?"

(नीलव्वा तिचं नाव नव्हं.
कुठं लिहायचं झालं तर हे घाल, असं तिनंच सांगितलंय.
शाळेत तिच्या बाकावर बसायची, तिचं होतं.)

अर्जात कामाला चार पर्याय.
विडी कुठंच नाही, म्हणून इतर.
भाषेला दोन : कन्नड, इंग्रजी.
मराठी शोधत मी खाली खाली गेलो
(आमच्याकडं बायका गेलो-आलोच म्हणतात,
सर पुण्याचे, त्यांच्या कानाला खडा लागतो)
तळ लागला की पडदा जरा उसळतो आणि थांबतो.
मी कन्नड दाबलं.

तिच्या घरात फोन एकच, दिराच्या खिडकीत.
चोवीस तारखेला, रात्री आठला,
बेंगळुरातल्या कुठल्यातरी मशीननं
न चुकता, न विचारता, निरोप पाठवला.
तिला ती अक्षरं येत नाहीत.
मल्लूला येतात. मराठी शाळेत गुरुजीच नव्हते
म्हणून तो कन्नड शाळेत, चौथीत,
आणि दिसेल ते मोठ्यानं वाचतो,
एसटीची पाटी, बिस्किटाचा पुडा, मतदानाची भिंत.
ताटावर बसलेले सगळे. दीर म्हणाला, वाच बघू.
"नाळे," तो म्हणाला. उद्या.
"आस्प..."

भाकरी मोडताना तिचा हात तव्याकडं गेला
आणि तिथंच राहिला.
पोरानं एकदा आईकडं बघितलं.
"गॅसचं हाय. टाकी संपली म्हणतोय."

दिरानं आमटी वाढून घेतली.

हे मला तिनं सकाळी सांगितलं,
वखारीच्या नळाला, पाणी चालू ठेवून.
रात्री मी ते निरोपाचं बटण बंद करायला बसलो.
अधिकृत व्यक्तीशी संपर्क साधा, टॅब म्हणाला.
मी सरांना लिहिलं, सरांनी बेंगळूरला,
बेंगळूरनं आणखी कुणाला तरी.
पाच आठवड्यांनी उत्तर आलं :
आपला अभिप्राय मोलाचा आहे.

तोवर आम्ही दोघींनी ठरवलं,
दोन रिंगा आणि कट. पैसाही नाही पडत.
पण त्याची गरज लागली नाही फारशी.
पुढच्या महिन्यात तेवीसलाच
मल्लू पाय धुता धुता म्हणाला,
"आई, परवा टाकी आणायची नव्हं? मी येतो पिशवी धरायला."
तिनं त्याला काही सांगितलं नव्हतं. अजून नाही.
पिशवी रिकामी असताना धरायला काय जड,
पण तो दोन्ही हातांनी धरतो.

सोबत कोण आलं, असा प्रश्न अर्जात नाही.
अगदी शेवटी शेरा म्हणून एक ओळ आहे,
तिथं मी दर महिन्याला माझ्या अक्षरात लिहितो :
टाकी भरली.
बेंगळुरात त्याचे नुसते चौकोन दिसतात म्हणे,
एकाशेजारी एक, बंद.
दिसू देत.